परकारांच्या पिकअपची उजवी सीट

अन्वर परकारांना तब्येतीबद्दल विचारलंत तर ते ‘मजेत’ एवढं म्हणून मोकळे होत. गाडीबद्दल विचारलंत तर मात्र तुमची संध्याकाळ गेलीच म्हणून समजा.

शारजातल्या अबू शगारामधल्या त्यांच्या बिल्डिंगमध्ये हे सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून लिफ्टमध्ये अन्वरभाई भेटले की लोक घाईघाईने हवेबद्दल बोलायचे. हवेबद्दल म्हणजे उकाड्याबद्दल, तिथे बोलण्यासारखी दुसरी हवा नसते. पण उकाड्यावरून रेडिएटरवर आणि रेडिएटरवरून स्वतःच्या पिकअपवर यायला अन्वरभाईंना दोन मजले पुरायचे.

मूळचे ते रत्नागिरी जिल्ह्यातल्या खेडचे. हमरिया फ्री झोनमध्ये मोठ्या टाक्या बनवणाऱ्या एका कंपनीत स्टोअर सांभाळायचे. कंपनीने जुन्या गाड्या मोडीत काढल्या तेव्हा त्यातली एक पांढरी, डबल केबिनची, हाताने गिअर टाकायची पिकअप त्यांनी उचलली. लोक म्हणाले, परकार, एवढ्यात बरी सेकंडहँड मोटार आली असती. अन्वरभाईंचं म्हणणं असं, की नव्या गाडीचं बॉनेट उघडलं तर आत काळं प्लास्टिकचं झाकण दिसतं. ज्याचं पोटच दिसत नाही त्याचं दुखणं माणसाला काय कळणार? ही गाडी खोलता येते. खोलता येते म्हणून त्यांनी ती वर्षानुवर्षं खोलली.

सुरुवात तेल बदलण्यापासून झाली. मग ब्रेक, क्लच, मग एसीचा पंखा. पुढे सुट्टीच्या दिवशी वाळवंटात जाणाऱ्या मंडळींची ओळख झाली आणि तिथून डोक्यात किडा शिरला. मागच्या स्प्रिंगांना एकेक पाटा जास्तीचा चढला. गाडी उंच झाली, टायर रुंद झाले, नाकासमोर लोखंडी गार्ड आला, छतावर दिव्यांची ओळ आली. यातलं निम्मं तिथल्या नियमात बसत नाही. त्यामुळे दर वर्षी मुल्किया, म्हणजे गाडीचं नोंदणीचं कार्ड, नवं करायची वेळ आली की अन्वरभाई दोन सुट्ट्या खर्चून हे सगळं उतरवत. गाडी हेडमास्तरांपुढे निघालेल्या पोरासारखी शर्ट खोचून तपासणीला जाई, पास होऊन येई, आणि पुढच्या सुट्टीला पुन्हा सगळं अंगावर चढे.

या सगळ्यात त्यांच्या जिवापाड आवडीची होती ती पेटी. कंपनीच्या वेल्डरकडून उरल्यासुरल्या पत्र्याची बनवून घेतलेली, काळा रंग दिलेली. तिच्यात टायरात हवा भरायचा कॉम्प्रेसर आणि बॅटरीवर घरची वीज बनवणारा इन्व्हर्टर असे दोन्ही बसवले होते. वाळूत जायचं तर टायरची हवा कमी करावी लागते आणि बाहेर आलं की परत भरावी लागते. बाकीचे पेट्रोल पंपावर रांग लावत, अन्वरभाई जागेवर बसून भरत. एकदा तर त्यांनी वाळूच्या टेकडीवर विजेच्या किटलीत चहा करून सगळ्यांना पाजला होता. ही पेटी पुढच्या उजव्या सीटच्या पायाशी, दाराच्या बाजूला, चार बोल्टांनी जमिनीला आवळलेली होती. तिकडे स्टिअरिंग डावीकडे असतं, उजवीकडे शेजारचा बसतो. शेजारी बसायच्या त्यांच्या पत्नी, शहनाझभाभी.

दर हिवाळ्यात परकार कुटुंब एकदा खोरफक्कानला जायचं. डोंगरातले बोगदे ओलांडून पलीकडच्या समुद्रावर. तिथल्या बाजारातून मासे घ्यायचे, घरून नेलेल्या तांदळाच्या भाकऱ्या आणि सुक्या जवळ्याची चटणी किनाऱ्यावर बसून खायची आणि अंधार पडायच्या आत परत. मागच्या जागेत अन्वरभाईंची हत्यारं पसरलेली असत, म्हणून जेवणाचा डबा भाभींच्या मांडीवर. अशाच एका फेरीत त्यांच्या मुलीने, इनायाने, शाळेत असताना मागच्या सीटवरून एक फोटो काढला होता. अब्बा गाडी चालवताहेत आणि अम्मी अंग पूर्ण वळवून त्यांच्याकडे तोंड करून बसल्यात, काहीतरी सांगताहेत. अन्वरभाईंनी तो फोटो मोठा करून हॉलमध्ये लावला. आल्यागेल्याला दाखवायचे. म्हणायचे, “बघा, लग्नाला इतकी वर्षं झाली, पण गाडीत बसली की रस्त्याकडे बघत नाही. माझ्याकडे बघते.”

भाभी अशा वेळी चहा आणायला आत जात.

तर अशी सगळी घडी बसलेली असताना जानेवारीत शहनाझभाभींची कंबर धरली. मणक्यातली गादी सरकलीय, असं डॉक्टर म्हणाले, धक्के टाळा. भाभींनी पहिला धक्का टाळला तो पिकअपचा. त्या इनायाच्या छोट्या मोटारीतून येऊ-जाऊ लागल्या. इनाया आता दुबई मरीनात एका ऑफिसात नोकरीला होती. तिच्या गाडीचं बॉनेट तिने आजवर एकदाही उघडलेलं नव्हतं, याचं अन्वरभाईंना मनापासून वाईट वाटे.

हे एवढ्यावरच राहिलं असतं. पण अन्वरभाईंची नोकरी जूनअखेर संपणार होती. व्हिसा खलास, दोघांनी खेडला परत जायचं, गाडी विकायची. त्याआधी त्यांना एकच गोष्ट हवी होती: खोरफक्कानची एक शेवटची फेरी, याच गाडीतून, आणि शहनाझ शेजारी. दुसरं काही मागितलं नव्हतं त्यांनी. घड्याळ नको, निरोपसमारंभ नको.

“मी येते की,” भाभी म्हणाल्या. “इनायाच्या गाडीतून येते. तुम्ही या मागून.”

“मागून? मी काय सामान घेऊन येतोय?”

“तुमच्या त्या ट्रकात मी आता बसायची नाही.”

पिकअपला भाभी कायम ट्रक म्हणत. अन्वरभाईंना ते आवडत नसे, पण आज बोलायची सोय नव्हती.

दुसरा कुणी असता तर गप्प बसला असता किंवा रुसला असता. अन्वरभाईंनी पाने काढले. गाडी कडक आहे ना? मऊ करू. त्यांच्यासाठी जगातलं कुठलंही दुखणं शेवटी कुठल्यातरी नटबोल्टाशी येऊन थांबत असे.

बिल्डिंगखाली गाडी खोलून बसलं तर नगरपालिकेचा दंड बसतो, म्हणून ते दर सुट्टीला सकाळीच हमरियाला, कंपनीच्या आवारात जाऊ लागले. बरोबर सूर्यकांत निमकर. हा खालच्या मजल्यावरचा, पुण्याचा, दुबईत ऊद मेथातल्या एका शाळेत हिशेब बघणारा. त्याला गाडीतलं ओ की ठो कळत नव्हतं, पण घरी मुलांचा क्लास आणि बायकोची ऑनलाइन मीटिंग असली की त्याला कुठेतरी जावं लागे. तो टॉर्च धरायचा आणि मोबाइलवर व्हिडिओ लावून मोठ्याने सूचना वाचायचा.

“अन्वरभाई, ह्यात बोलतायत की फर्स्ट टायर प्रेशर चेक करा. फुकट का काम है.”

“तो व्हिडिओवाला कुठचा?”

“कॅनडाचा.”

“त्याच्याकडे बर्फ आहे. आपल्याकडे एप्रिलमध्येच रस्ता तव्यासारखा तापतो. टॉर्च सरळ धर, हबीबी, माझ्या डोळ्यात नको.”

जास्तीचे पाटे निघाले. धक्के झेलणारे नवे शॉकअप बसले. रबरी बुश सगळे बदलले. रुंद टायर जाऊन साधे आले. एवढं करूनही रिकामी पिकअप मागून उडतेच, म्हणून त्यांनी वाळूच्या गोण्या भरून मागच्या हौद्यात नीट आडव्या लावल्या. वाळवंटात राहून वाळू पोत्यात भरून फिरवणारा पहिला माणूस बघितला, असं सूर्यकांत म्हणाला. अन्वरभाईंनी डॅशबोर्डवर पाण्याची वाटी ठेवली आणि आवारातल्या स्पीडब्रेकरवरून गाडी नेली. पाणी सांडलं नाही. त्यांना इतका आनंद झाला की ते पाणी पिऊन टाकून ते हसले.

घरी येऊन त्यांनी भाभींना खाली बोलावलं. फक्त पार्कपर्यंत, एक चक्कर. भाभी आल्या, दांडी धरून चढल्या, बसल्या. अन्वरभाईंनी गाडी अशी चालवली जशी लोक झोपलेलं बाळ घेऊन चालतात. चक्कर संपली.

“आता?” त्यांनी विचारलं.

“आधीपेक्षा बरी आहे,” भाभी म्हणाल्या आणि कमरेवर हात ठेवून हळूहळू लिफ्टकडे गेल्या.

अन्वरभाई वर आले तेव्हा त्या पलंगावर आडव्या होत्या आणि पाठीखाली गरम पाण्याची पिशवी होती. पिशवी बघून ते बाहेर आले, हॉलमधल्या फोटोखाली बसले आणि सूर्यकांतला मेसेज टाकला: शॉकअप बदलून दुसरे आणावे काय?

त्यातच गाडी एक नवा आवाज करायला लागली. डावीकडे वळताना उजव्या बाजूने, पुढून, टकटक. अन्वरभाईंनी चाक बघितलं, बेअरिंग बघितलं, खाली झोपून सगळीकडे हात फिरवला. काही नाही. असा आवाज चालवणाऱ्याला कधी सापडत नाही. चालवायला दुसरा माणूस बसवावा आणि आपण कान लावून बाजूला बसावं लागतं. तेव्हा पुढच्या सुट्टीला हमरियाच्या आवारात त्यांनी किल्ली सूर्यकांतच्या हातात ठेवली.

“अहो, मी क्लच दाबून दहा वर्षं झाली!”

“विसरत नाही कुणी. यल्ला, चल.”

सूर्यकांतने गाडी दोनदा बंद पाडली, तिसऱ्यांदा हिसका देऊन सुरू केली. अन्वरभाई उजव्या सीटवर बसले. इतक्या वर्षांत ते त्या सीटवर पहिल्यांदाच बसत होते. तिथली प्रत्येक वायर त्यांनी स्वतः ओढली होती, प्रत्येक बोल्ट स्वतः आवळला होता, पण ते सगळं दार उघडून, बाहेर उभं राहून, आत वाकून. बसून कधी नाही. बसायचं काय कारण?

पाय ठेवायला गेले तर गुडघा पेटीच्या कोपऱ्यावर आपटला. त्यांनी पाय मागे घेतले; सीटखाली आग विझवायचा सिलिंडर होता, तोही त्यांनीच बसवलेला. पुढे पेटी, मागे सिलिंडर. दोन्ही पाय जोडून डावीकडे, गिअरच्या बाजूला नेले तेव्हा कुठे जागा मिळाली. पाय डावीकडे गेले तशी कंबर वळली, आणि कंबर वळली तसे खांदे आणि तोंड वळलं.

सूर्यकांत आधीच घामाघूम झाला होता. त्याने नजर बाजूला केली आणि वैतागून म्हणाला, “अन्वरभाई, माझ्याकडे काय बघत बसलाय? पुढे बघा ना, मला टेन्शन येतं!”

अन्वरभाईंनी पुढे बघायचा प्रयत्न केला. मान वळली, पण कमरेत उजवीकडे एक बारीक कळ उठली. ते परत पहिल्यासारखे बसले. गाडीने आवाराच्या टोकाला डावं वळण घेतलं. टकटक झालं. सूर्यकांतने विचारलं, “ऐकलंत का? कुठून येतोय?” अन्वरभाईंनी खाली बघितलं. पायाखालच्या जाड मॅटवर, अगदी डाव्या कडेला, दोन टाचा घासून घासून दोन खळगे पडले होते. आतला पत्रा दिसत होता. बाकीची मॅट नव्यासारखी.

घरी भाभी जमिनीवर न बसता आता टेबलाशी खुर्चीवर बसून मेथी निवडत होत्या. इनाया समोर लॅपटॉप उघडून बसली होती. अन्वरभाईंनी हात धुतले, पाणी प्यायले आणि विचारलं, “ती पेटी बसवली तेव्हा पायाला जागा उरली नाही, हे तू मला सांगितलं का नाहीस?”

“सांगितलं होतं की,” भाभी म्हणाल्या. “ज्या दिवशी लावलीत त्याच दिवशी. तुम्ही म्हणालात, इन्शाल्ला पुढच्या सुट्टीला सरकवतो.”

“मग?”

“मग काय. पुढच्या सुट्टीला दिवे लावलेत.”

“परत का नाही बोललीस?”

“बोलले असेन दोन-तीनदा. मग सवय झाली.” त्यांनी मेथीची जुडी उलटी केली. “तुम्ही लोकांना इतक्या कौतुकाने दाखवायचात ती पेटी.”

इनायाने मान वर केली. “अब्बा, आय थॉट यू न्यू. एव्हरीबडी न्यू. दॅट्स व्हाय आय ऑल्वेज सॅट इन द बॅक.”

अन्वरभाईंनी भिंतीवरच्या फोटोकडे बघितलं. फोटोत शहनाझच्या मांडीवर डबा होता आणि डब्याच्या खाली, जिथे आजवर त्यांची नजर गेली नव्हती, तिथे वाकडे दुमडलेले पाय दिसत होते. त्यांना लाज वाटली. इतकी वर्षं ते हा फोटो लोकांना दाखवत होते, आणि आलेल्यांपैकी कितीजणांना तो नीट दिसला असेल कोण जाणे. गाडी दर वर्षी तपासणीला जात होती. तिथे ब्रेक बघत, दिवे बघत, खालून वाकून चेसी बघत. उजव्या सीटवर बसून बघा असा नियम कुठेच नाही. त्यांची गाडी दर वर्षी पास होत होती.

पेटी काढायला अख्खी सकाळ गेली. तीन बोल्ट गंजून धरले होते, ते कापावे लागले. चौथा आधीच ढिला होता. टकटक तोच करत होता. सूर्यकांतला फार गंमत वाटली, त्याने तो बोल्ट खिशात टाकला. अन्वरभाईंना गंमत वाटली नाही.

“पेटी मागे हौद्यात बसवू ना?” सूर्यकांतने विचारलं. “कॉम्प्रेसर चांगला आहे अजून.”

“तू घेऊन जा.”

“मी काय करू? माझ्याकडे सायकलपण नाही.”

“मग इथेच राहू दे.”

आग विझवायचा सिलिंडर मागच्या सीटखाली गेला. जमिनीतल्या भोकांना रबरी बुचं बसली. सीट काढली तर आतला फोम डावीकडे पार बसलेला आणि उजवीकडे फुगलेला. मग दोघे इंडस्ट्रियल एरियातल्या जुन्या सामानाच्या दुकानात गेले आणि अपघातातल्या एका गाडीची, पण स्वतः धडधाकट असलेली सीट शोधून आणली. दुकानदार पठाण तीनशे दिरहम म्हणाला. “म्हणजे सात हजार!” सूर्यकांत ओरडला. “सात हजारांत पुण्यात सोफा येतो!” अन्वरभाईंनी घासाघीस केली नाही. ते प्रत्येक सीटवर बसून, पाय लांब करून, डोळे मिटून बघत होते. पठाणाला वाटलं, म्हाताऱ्याला झोप आली.

मेमध्ये, उन्हाळा पुरता पेटायच्या आधी, खोरफक्कानला जायच्या सकाळी त्यांनी पिकअप बिल्डिंगच्या दाराशी आणून उभी केली. भाभींना बोलावलं नाही, फक्त उजवं दार उघडून ठेवलं आणि स्वतः पलीकडे जाऊन बसले. भाभी इनायाबरोबर खाली उतरल्या होत्या, तिच्याच गाडीत बसायला. उघडं दार बघून थांबल्या. आत वाकून बघितलं.

“इतकी जागा होती इथे?” त्या म्हणाल्या.

मग त्यांनी डबा इनायाच्या हातात दिला, दांडी धरली आणि चढून बसल्या. इनाया डबा घेऊन मागे जाऊन बसली. तिची गाडी तिथेच राहिली.

भाभींनी पाय समोर सरळ सोडले. टाचा नव्या मॅटवर टेकल्या. फिजिओथेरपीवाल्या बाईंनी सांगितलं होतं तशी पाठ टेकवली, कमरेमागे छोटी उशी घेतली. गाडी शहराबाहेर पडली. वाळूच्या गोण्या मागे मुकाट होत्या, टकटक नव्हती. अन्वरभाई दर दोन मिनिटांनी विचारत होते, “दुखतंय का?” आणि भाभी सांगत होत्या, “नाही हो. चालवा.” तिसऱ्यांदा त्यांचा आवाज खरंच मोकळा लागला. समोर डोंगर दिसायला लागले तेव्हा त्या म्हणाल्या, “मला वाटायचं रस्ता माझ्या उजव्या बाजूला आहे. हा सगळा समोर आहे.” अन्वरभाईंना इतकं बरं वाटलं की त्यांनी उगीचच गिअर बदलला.

पहिला बोगदा गेला. बाहेर उजेडात आल्यावर त्यांनी सहज नजर टाकली. भाभींचे पाय डावीकडे आले होते, दोन्ही, जोडून, गिअरला टेकतील इतके. अंग त्यांच्याकडे वळलं होतं. समोरची जागा मोकळी पडली होती.

“पाय सरळ ठेव ना,” ते म्हणाले. “आता तिथे काही नाही.”

“हो की,” भाभी म्हणाल्या. त्यांनाही आश्चर्य वाटलं. त्यांनी पाय सरळ केले.

दुसऱ्या बोगद्यानंतर ते पुन्हा डावीकडे होते.

महिन्याभरापूर्वी अन्वरभाईंनी यावरून सबंध बिल्डिंगला गोष्ट सांगितली असती. आता त्यांनी गाडीचा वेग कमी केला, उजव्या कडेला घेतली आणि मोकळी जागा बघून थांबवली. उतरून, वळसा घालून भाभींच्या बाजूला आले. दार उघडलं.

“काय झालं? पंक्चर?” भाभींनी विचारलं.

“नाही. जरा चाल थोडी. पाय मोकळे होतील.”

भाभी उतरल्या. दोघे गाडीपासून थोडं पुढे गेले, परत आले. ऊन चढत होतं. इनाया खिडकीतून बघत होती, पण या वेळी तिने फोटो काढला नाही. भाभी चढून बसल्या तेव्हा अन्वरभाई दार धरून तसेच उभे राहिले.

“शहनाझ,” ते म्हणाले, “मला वाटायचं तू माझ्याकडे बघून बसतेस.”

भाभींनी त्यांच्याकडे बघितलं. खोटं बोलून टाकायचं त्यांच्या ओठांवर आलं असावं, पण ते त्यांनी टाळलं. “कधीकधी बघायचे,” त्या म्हणाल्या. “बसा आता, मासे संपतील.”

अन्वरभाई बसले. गाडी निघाली. पुढच्या बोगद्याच्या तोंडाशी भाभींनी आपणहून खाली बघितलं, उजव्या गुडघ्याखाली हात घातला आणि पाय उचलून सरळ ठेवला, मग डावा. खोरफक्कान येईपर्यंत त्या मधूनमधून तसं करत राहिल्या, आणि पाय मधूनमधून परत डावीकडे येत राहिले.